'सांगितलं होतं' ते 'झालं' : कामाच्या ठिकाणचं बोलणं आणि कामाचा दर्जा

कार्यरेषा (धागालेखिका)

अप्रायझलच्या फॉर्मवर 'संवादकौशल्य सुधारावे' हा शेरा सर्रास दिसतो. तो वाचून माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय वेगळं करायचं, हे त्यात कुठेच नसतं. म्हणून मंचावर हा चर्चेचा धागा. आपण कामावर जे बोलतो, लिहितो, पाठवतो, त्यातलं काय कामाच्या दर्जावर थेट परिणाम करतं? परिणाम म्हणजे लागलेला वेळ, झालेल्या चुका, पुन्हा करावं लागलेलं काम आणि न विचारता राहून गेलेल्या शंका. सभाधीटपणा, सफाईदार भाषा वगैरे विषय इथे नकोत.

काम सोपवण्यापासून सुरुवात करते. सगळ्यात जास्त वेळ तिथेच सांडतो, असं माझं ठाम मत आहे.

"ग्राहकांची यादी अपडेट करून ठेव, जरा अर्जंट आहे."

या एका वाक्यात पाच जागा रिकाम्या आहेत. कोणती यादी? अपडेट म्हणजे पत्ते, फोन की रकमा? ठेवायची कुठे? अर्जंट म्हणजे तासाभरात की आज संध्याकाळी? आणि यादी हवी कशाला? घेणारा माणूस या जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो. त्याचा प्रत्येक अंदाज ८० टक्के वेळा बरोबर येतो असं धरलं, तरी पाचही अंदाज एकाच वेळी बरोबर येण्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के उरते. म्हणजे हुशार आणि अनुभवी माणसाकडूनही तीनपैकी दोन वेळा काहीतरी चुकीचं हातात येणार. मग त्यालाच 'लक्ष नाही' असं ऐकावं लागतं.

तेच काम असं सांगता येतं :

"थकबाकी असलेल्या ग्राहकांची यादी हवी आहे. गेल्या महिनाअखेरची फाइल घे. फोन नंबर आणि थकीत रक्कम हे दोनच रकाने तपास. गुरुवारी दुपारी १२ पर्यंत सामायिक फोल्डरमध्ये टाक. ३ वाजता वसुलीचे फोन सुरू होतील, त्यासाठी हवी आहे. ज्यांचा नंबर सापडत नाही त्यांना काढू नकोस, यादीच्या तळाशी वेगळे लाव. अडलं तर बुधवारी संध्याकाळपर्यंत विचार."

लिहायला दोन मिनिटं लागतात. यातली 'कशासाठी' ही ओळ सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते. फोन करायचे आहेत हे कळलं की एक आकडा कमी असलेला नंबर बिनकामाचा आहे आणि पत्त्यातला पिनकोड आज तपासायची गरज नाही, हे निर्णय माणूस स्वतःच घेतो. प्रत्येक बारीक गोष्ट सांगत बसावं लागत नाही.

उलटतपासणी

पूर्ण सहमत. पण नीट सांगून काम निम्मंच होतं. पोहोचलं का, हे तपासायला हवं, आणि ते तपासायची आपली पद्धत फार कच्ची आहे. "कळलं ना?" या प्रश्नाला समोरून "हो" याखेरीज दुसरं उत्तर येतच नाही. ज्याला कळलेलं नाही त्याला आपल्याला कळलेलं नाही हेच माहीत नसतं, आणि ज्याला शंका आहे तो चारचौघांत वरिष्ठाला "नाही" म्हणत नाही.

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने मनात ओळखीचं गाणं म्हणत टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. ठेका धरणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. ठेका देणाऱ्याच्या डोक्यात चाल वाजत असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. काम सोपवणाऱ्याचं नेमकं हेच होतं. त्याच्या डोक्यात मागच्या तीन मीटिंगा, ग्राहकाचा चढलेला आवाज, मालकाची अपेक्षा असं सगळं वाजत असतं. समोरच्याला ऐकू येतं ते एवढंच : "जरा बघून घे."

उपाय जुना आहे : उलट म्हणून दाखवणं. मात्र "परत सांग पाहू" असं म्हटलं तर शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. त्याऐवजी हे तीन प्रश्न विचारा :

"सुरुवात कुठून करणार?"
"यात अडेल असं कुठे वाटतं?"
"झाल्यावर मला नेमकं काय दिसेल?"

पहिल्या उत्तरातच गैरसमज बाहेर येतो. तिसऱ्या प्रश्नाने 'झालं' या शब्दाचा अर्थ दोघांचा एक होतो. एकाच्या मते फाइल तयार झाली की काम झालं, दुसऱ्याच्या मते ग्राहकाची पोच आली की झालं. अर्ध्या कटकटी या एका शब्दावरून होतात.

विमानवाहतुकीत हे नियमात का आलं, तेही सांगतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानातून आलेल्या संदेशाचा अर्थ 'उड्डाणासाठी तयार उभे आहोत' असाही होत होता आणि 'उड्डाण सुरू केलंय' असाही. नियंत्रकाने 'ओके' म्हटलं. त्याने लगेच पुढे थांबायला सांगितलं होतं, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कोणी बोललं आणि वैमानिकांना नुसती कर्कश शिट्टी ऐकू आली. त्यानंतर शब्द बांधून दिले गेले. 'टेकऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, इतर वेळी 'डिपार्चर' म्हणायचं. आणि परवानगी मिळाल्यावर नुसतं 'ओके' चालत नाही, परवानगीचे शब्द उलट म्हणून दाखवावे लागतात.

ऑफिसातला 'ओके' आणि अंगठ्याची खूण हीच जोखीम घेऊन फिरतात. अंगठा म्हणजे वाचलं, मान्य आहे की करतो?

अक्षरगणिती

यात मराठीचे स्वतःचे काही खड्डे आहेत, ते नोंदवून ठेवतो.

'परवा' हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. "परवाची फाइल" म्हणजे होऊन गेलेल्या दिवसाची की येणाऱ्या? 'पुढचा शुक्रवार' सोमवारी म्हटलं तर निम्मे लोक चार दिवसांनी समजतात, निम्मे अकरा दिवसांनी. लेखी कामात नेहमी वार आणि तारीख दोन्ही द्या. वार आणि तारीख जुळली नाही तर वाचणारा लगेच विचारतो, म्हणजे आपली चूकही तिथेच पकडली जाते.

फोनवर 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत गोंधळ ठरलेला. माप, रक्कम, खाते क्रमांक सांगताना आकडे सुटे म्हणा : "सहा, नऊ. एकोणसत्तर." आधी सुटे, मग जोडून. 'पावणेतीन' आणि 'सव्वातीन' बोलायला ठीक, लिहिताना २.४५ आणि ३.१५.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल : कर्ता गायब करणारी वाक्यरचना. "अहवाल तयार करण्यात यावा." "पार्टीला कळवायचं आहे." "ते होऊन जाईल." व्याकरण बिनचूक, पण करणार कोण? मीटिंगच्या टिपणात असं एक वाक्य आलं की ते काम कोणाचंच राहत नाही, आणि पुढच्या मीटिंगमध्ये तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा येतं. टिपणात प्रत्येक क्रियापदाला नाव हवं, तेही एकच. 'अकाउंट्स आणि सेल्स मिळून' असं लिहिलं की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात.

नवाभिडू

चर्चा छान चालू आहे. एक शंका : ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतात की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के देहबोलीचा. मग शब्दांवर एवढा भर का?

मोजपट्टी

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेत आणि तेव्हापासून चुकीच्या जागी वापरले जाताहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून किंवा चेहऱ्यांच्या छायाचित्रांसोबत देऊन बोलणाऱ्याची भावना ओळखायची होती. शब्द आणि स्वर यांचा मेळ नसेल तर माणूस आवडनिवड कशावरून ठरवतो, एवढाच प्रश्न होता. भावना किंवा आवडनिवड हा विषय नसेल तिथे हे सूत्र लागू होत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतः सांगितलेलं आहे. "झडप क्रमांक ४ बंद कर" यातला चार हा आकडा देहबोलीतून पोहोचत नाही.

स्वराचा मुद्दा मात्र लेखी संदेशात खरा आहे, उलट्या बाजूने. क्रूगर, एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की ईमेलमधला उपरोध समोरच्याला कळेल याची पाठवणाऱ्यांना भलतीच खात्री असते. चारातले तीनहून जास्त संदेश बरोबर ओळखले जातील असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात निकाल नाणं उडवून मिळेल त्यापेक्षा किंचितच बरा होता. म्हणून कामाच्या लेखी संदेशात टोमणा, मस्करी, अर्धवट सूचक वाक्य टाळा. "बघा काय ते" हे वाक्य लिहिणाऱ्याला साधं वाटतं, वाचणारा त्यावर अख्खी दुपार घालवतो.

पाळीप्रमुख

कारखाना, रुग्णालय, कंट्रोल रूम, कॉल सेंटर, जिथे जिथे पाळ्या चालतात तिथला सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे हँडओव्हर. जाणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे, येणारा अजून स्थिरावलेला नाही, आणि दोघांच्या मध्ये अर्धवट कामांची रास.

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर १६७ जण मेले. त्या दिवशी एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीला काढली होती आणि त्या जागी तात्पुरती चकती बसवली होती. पंपाच्या दुरुस्तीचं परमिट वेगळं, झडपेचं वेगळं. रात्रपाळीला झडप काढल्याचं कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा चालू करायला घेतला आणि वायू बाहेर आला. कामाची नोंद कागदावर होती, पण ज्याला हवी त्याच्यासमोर ती आली नाही. चौकशी समितीने पुढे १०६ शिफारशी केल्या, त्यांत परमिटची पद्धत हा मोठा भाग होता.

यातून घ्यायचं ते असं. 'नोंद केली आहे' याला हँडओव्हर म्हणत नाहीत. एकाच यंत्राशी संबंधित दोन कामं असतील तर दोन्ही कागदांवर एकमेकांचा उल्लेख हवा. आणि जे *नाही* ते आधी सांगायचं : काय काढलंय, काय बंद आहे, काय तात्पुरतं बसवलंय. चालू असलेलं यंत्र येणाऱ्याला दिसतंच, गैरहजर असलेला भाग दिसत नाही.

रुग्णालयांसाठी आय-पास नावाची पद्धत आहे. तिचे पाच टप्पे कुठल्याही पाळीला लागू पडतात : प्रकृती किती गंभीर, थोडक्यात पार्श्वभूमी, करायच्या कामांची यादी, 'असं झालं तर असं कर' आणि शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगणं. उत्तर अमेरिकेतल्या ९ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या. 'एवढं बोलायला वेळ कुठे आहे' म्हणणाऱ्यांनी पुढचा आकडा पाहावा : एका रुग्णामागे हँडओव्हरचा वेळ आधी २.४ मिनिटं होता, नंतर २.५.

चौथा टप्पा सगळीकडे गाळला जातो. "तापमान वाढतंय, लक्ष ठेव" यात काहीच नाही. "आता ७२ आहे. ८० गेलं तर आत जाणारा माल निम्मा कर, ८५ ला बंद कर आणि मला उठव" याला सूचना म्हणतात. रात्री ३ वाजता निर्णय घेणाऱ्याला आकडा लागतो.

प्रत्यक्षात बिघडतं ते असं : लॉगबुकात 'सर्व ठीक' लिहायची सवय लागते. सलग १० दिवस 'सर्व ठीक' वाचल्यावर अकराव्या दिवशी कोणी पानच उघडत नाही. त्यामुळे 'काही विशेष नाही' असा पर्याय ठेवूच नका. किमान तीन ठरलेले आकडे आणि एक अपूर्ण काम लिहिल्याशिवाय पान पूर्ण धरायचं नाही. आणि हँडओव्हरच्या १५ मिनिटांत फोन तिसऱ्याने घ्यायचा.

शांतकोपरा

कमी बोलण्याइतकंच जास्त बोलणंही काम मारतं, ही बाजू मांडते.

टीममध्ये ५ माणसं असली तर एकमेकांशी बोलायच्या जोड्या १० होतात, १० असली तर ४५, १५ असली तर १०५. माणसं तिप्पट झाली, जोड्या साडेदहा पट. सगळ्यांना सगळं कळवायचं असं ठरवलं की दिवस कळवण्यातच जातो.

दुसरं, एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये हे मांडलं. पहिलं काम अर्धवट सुटलं असेल तर दुसऱ्या कामाचा दर्जा उतरतो. पुढे २०१८ मध्ये याच अभ्यासातून एक सोपा उपाय निघाला : उठण्याआधी एका मिनिटात कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवायचं. "रकाना फ पर्यंत जुळवलं. ओळ २१४ ला फरक ३,६०० चा. आधी क्रेडिट नोट बघ." एवढ्या ओळीने डोकं मोकळं होतं.

टीमसाठी नियम करायचे तर मी हे सुचवेन. नुसतं "हाय" किंवा "आहात का?" पाठवून थांबायचं नाही, पहिल्याच संदेशात प्रश्न पूर्ण लिहायचा. 'अर्जंट' या शब्दाची व्याख्या ठरवायची, उदाहरणार्थ 'दोन तासांत उत्तर नाही मिळालं तर काम थांबेल किंवा नुकसान होईल', आणि असं असेल तर फोनच करायचा. बाकी संदेशांना चार तासांत उत्तर, म्हणजे लोक दर पाच मिनिटांनी स्क्रीन बघणं सोडतात. दिवसातला दोन तासांचा एक पट्टा असा ठेवायचा की त्यात कोणी कोणाला हाक मारणार नाही. हा नियम वरिष्ठांनी पाळला नाही तर आठवडाभरात मोडतो, कारण साहेबांचा संदेश आला की 'सवडीने बघा' लिहिलेलं असूनही हातातलं काम बाजूला पडतंच.

नवाभिडू

मग कुठली गोष्ट ग्रुपवर, कुठली मेलवर, कुठली समोर, हे कसं ठरवायचं?

शांतकोपरा

दोन प्रश्न विचारा. हे पुढे शोधावं लागेल का? लागणार असेल तर मेल किंवा कामाच्या यादीत, ग्रुपवर नाही. ग्रुपवर दिलेला निर्णय दोन दिवसांत शुभेच्छांखाली गाडला जातो. यात दुमत होऊ शकतं का, किंवा कोणाला लागू शकतं का? तसं असेल तर आधी बोला, मग बोलल्याचं दोन ओळींत लिहून पाठवा. एकाच विषयावर तीनदा लेखी उलटसुलट झालं की चौथा संदेश लिहू नका, फोन उचला.

ग्रुपवर काम सांगायचंच असेल तर नाव घेऊन सांगा. "कोणीतरी बघा" हे १२ जण वाचतात आणि १२ जण सोडून देतात.

मोजपट्टी

आता फीडबॅक. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

क्लूगर आणि डीनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे आधीचे अभ्यास एकत्र केले, एकूण ६०७ परिणाम. सरासरीने फीडबॅकमुळे काम सुधारत होतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते फीडबॅकनंतर *बिघडलं*. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण कामाचं आहे : फीडबॅकने लक्ष कामाकडे गेलं तर फायदा होतो. लक्ष 'माझ्याबद्दल काय मत झालंय' याकडे वळलं की परिणाम ओसरतो. स्तुतीलाही हे लागू आहे. "तू फार हुशार आहेस" यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही.

"तू काळजीपूर्वक काम करत नाहीस" हा माणसावरचा शेरा झाला. कामावरचं बोलणं असं असतं :

"सोमवारच्या कोटेशनमध्ये कराची रक्कम दोनदा धरली गेली. ग्राहकाने फोन करून विचारलं, आपल्याला सुधारित कोटेशन द्यावं लागलं, ऑर्डर दोन दिवस लांबली. हे कसं झालं असेल?"

इथे थांबायचं. किमान दहा सेकंद. बहुतेक वेळा कारण इथेच मिळतं : जुना फॉर्म वापरला गेला, त्यात कर आधीच मिळवलेला होता. म्हणजे माणसाला सुधारायचं नाही, जुना फॉर्म फोल्डरमधून काढायचा आहे. आपण आधीच शेरा मारला असता तर फॉर्मची गोष्ट कधीच बाहेर आली नसती आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या हातून तीच चूक झाली असती.

मग पुढची एक कृती ठरवायची, एकच : "पाठवण्याआधी एकूण रकमेचा गुणाकार कॅल्क्युलेटरवर एकदा." आणि पुढच्या तीन कोटेशनांनंतर स्वतःहून विचारायचं. हा पाठपुरावा नसेल तर आधीचं सगळं बोलणं हवेत जातं.

'गोड-कडू-गोड' (आधी कौतुक, मग टीका, पुन्हा कौतुक) पद्धत मी सुचवत नाही. काही जणांना फक्त गोड ऐकू येतं, बाकीचे पुढे प्रत्येक कौतुकानंतर 'पण' ची वाट बघू लागतात. कौतुक करायचं तेव्हा तेवढंच करा, तितकंच नेमकं : "कालच्या मेलमध्ये तू तिन्ही पर्यायांचा खर्च शेजारी शेजारी दिलास, त्यामुळे निर्णय एका फोनवर झाला."

'जमेल तेवढं कर' हेही टाळा. नेमकं आणि जरा कठीण उद्दिष्ट दिलं की काम मोघम प्रोत्साहनापेक्षा चांगलं होतं, हे मानसशास्त्रज्ञ लॉक आणि लेथम यांच्या संशोधनातून वारंवार दिसलंय. मात्र काम शिकतानाच्या काळात आकड्याऐवजी पद्धतीचं उद्दिष्ट द्या. नवख्याला 'दिवसाला ४०' म्हटलं की तो ४० करतो, शिकत मात्र नाही.

उलटतपासणी

मोजपट्टी, 'हे कसं झालं असेल' हा प्रश्न विचारतानाचा सूरही महत्त्वाचा. 'का केलंस' म्हटलं की उत्तरात स्वतःचा बचाव येतो, 'कसं झालं' म्हटलं की घटनाक्रम येतो.

कार्यरेषा

वरून खाली येणाऱ्या बोलण्यावर खूप झालं. खालून वर जाणाऱ्यावर लिहिते, कारण वाईट बातमी वर पोहोचायला लागणारा वेळ हे टीमच्या प्रकृतीचं चांगलं मोजमाप आहे.

वाईट बातमी सांगायचं माणूस टाळतो, ती त्याच्यामुळे घडलेली नसली तरीही. रोझेन आणि टेसर यांनी १९७० मध्येच हे दाखवलं. त्यात पायऱ्या वाढल्या की बातमी गुळगुळीत होत जाते. कामगार म्हणतो "माल येणार नाही", पर्यवेक्षक म्हणतो "माल थोडा उशिरा येईल", व्यवस्थापक म्हणतो "मालाचा पाठपुरावा चालू आहे". प्रत्येकाने थोडंसंच सौम्य केलं, पण वर पोहोचेपर्यंत वाक्याचा अर्थ उलटा झाला.

'समस्या घेऊन येऊ नका, उपाय घेऊन या' हे वाक्य बऱ्याच ठिकाणी अभिमानाने सांगितलं जातं. माझा त्याला ठाम विरोध आहे. ज्या समस्येवर कनिष्ठाकडे उपाय नाही ती समस्या मग वर येतच नाही, आणि वरिष्ठाची गरज नेमकी तिथेच असते. त्याऐवजी : "समस्या लगेच सांगा, उपाय सुचला असेल तर सोबत द्या."

बातमी आल्यावर वरिष्ठांचे पहिले ३० सेकंद सगळं ठरवतात. पहिलं वाक्य "लगेच सांगितलंस ते बरं झालं", दुसरं "आत्ता काय थांबवायला हवं?". कोणी केलं, हे त्या दिवशी विचारायचंच नाही. नुकसान थांबल्यावर, दुसऱ्या दिवशी, कसं झालं ते बघायचं.

एक इशारा : चुकांची नोंद वाढली म्हणजे काम बिघडलं, असं समजू नका. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयातल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला (१९९६), तेव्हा चांगल्या नेतृत्वाच्या, मोकळ्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. दुसरीकडे त्या लपत होत्या.

अक्षरगणिती

मीटिंगबद्दल थोडक्यात. स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट चर्चेला बसला की जे सगळ्यांना आधीच माहीत आहे त्यावरच बोलत राहतो, आणि एखाद्यालाच ठाऊक असलेली माहिती बाहेर येत नाही. मीटिंग भरवायची ती खरं तर त्याच माहितीसाठी. त्यामुळे पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहायचं : "या विषयात मला माहीत आहे आणि इतरांना बहुधा नाही असं काय?" मग फेरीने वाचायचं, सगळ्यात कनिष्ठापासून. वरिष्ठांनी मत शेवटी द्यायचं. त्यांनी आधी दिलं की पुढचे सगळे त्यालाच दुजोरा देतात.

टिपण त्याच दिवशी, तीन रकान्यांचं : निर्णय, नाव, तारीख. ज्या विषयावर निर्णय झाला नाही तिथे 'निर्णय नाही' असं स्पष्ट लिहा.

नवाभिडू

आठ जणांची टीम आहे असं धरू. हे सगळं एकदम सुरू केलं तर गोंधळ होईल. आधी काय?

मोजपट्टी

आधी दोन आठवडे काहीच बदलू नका, फक्त मोजा. भिंतीवर किंवा सामायिक फाइलमध्ये चार रकाने : पुन्हा करावं लागलेलं काम (मिनिटांत), माहिती किंवा उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ, काम घेतल्यावर विचारलेले प्रश्न, आणि तारीख चुकल्याचं कळलं तेव्हा तारखेला किती दिवस उरले होते. माणसांची नावं लिहायची नाहीत, कामाचं नाव लिहायचं. नावं आली की तिसऱ्या दिवसापासून रकाने कोरे.

तिसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट आणा : धाग्याच्या सुरुवातीला आहे तसं काम सोपवणं आणि "सुरुवात कुठून करणार?" हा प्रश्न. आणखी चार आठवडे मोजा. पाळ्या असतील तर याऐवजी हँडओव्हर आधी घ्या.

या काळात प्रश्नांचा रकाना *वाढेल*. वाढायलाच हवा. पहिल्या तासात विचारलेला प्रश्न दोन मिनिटांचा असतो, शेवटच्या दिवशी विचारलेला दोन दिवसांचा. प्रश्न वाढले म्हणून कोणी नाक मुरडलं तर ते बंद होतील आणि पहिला रकाना फुगेल. बघायचं ते एवढंच की प्रश्न कामाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे सरकताहेत का.

नवाभिडू

पुन्हा करावं लागलेलं काम नेमकं कशाला म्हणायचं? ग्राहकानेच मागणी बदलली तर?

मोजपट्टी

ते यात धरू नका, 'बदल' म्हणून वेगळी रेघ ओढा. काम देताना जी गोष्ट कोणाला तरी माहीत होती पण करणाऱ्यापर्यंत आली नाही, तिच्यामुळे पुन्हा केलेलं तेवढंच पहिल्या रकान्यात. शंका असेल तर विचारा : "हे काम सुरू झालं त्या सकाळी ही माहिती आपल्यापैकी कोणाकडे होती का?" उत्तर हो असेल तर पहिला रकाना. १० मिनिटांच्या आतलं लिहू नका, नाहीतर लिहिण्यातच वेळ जाईल.

कार्यरेषा

आणि 'बदल' ची रेघ दर आठवड्याला पहिल्या रकान्यापेक्षा मोठी येत असेल, तर ग्राहकाकडून मागणी लिहून घेणाऱ्यापासूनच सुरुवात करा. "झाल्यावर तुम्हाला नेमकं काय दिसायला हवं?" हा प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो.